अन्नपूर्णेचं रोप: पिल्लू लावण्यापासून भाताच्या पातेल्यापर्यंत

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते कारण यात लोकांचे पैसे उगाच जातात. अन्नपूर्णेला, म्हणजे भाताला वास लावणाऱ्या पंदनच्या रोपाला, बी येत नाही. ऑनलाइन कुणी पंदनच्या बियांचं पाकीट विकत असेल तर घेऊ नका. मी एकदा मागवलं होतं, दोन महिने रोज पाणी घातलं आणि जे उगवलं ते साधं गवत निघालं. ही वनस्पती फुलतच नाही म्हटलं तरी चालेल, नर फुलं क्वचित दिसलीत तीही इंडोनेशियातल्या मोलुक्कस बेटांकडे, मादी फूल तर कुणाच्या पाहण्यातच नाही. म्हणजे आज जगात जिथे जिथे हे रोप आहे, बँकॉकच्या बाजारात, कोलंबोच्या परसात किंवा माझ्या डोंबिवलीच्या बाल्कनीत, ते कुणीतरी कुणाच्या तरी रोपाचं पिल्लू, म्हणजे बुडाशी आलेला फुटवा, काढून दिलं म्हणूनच आहे. माझं रोप वेंगुर्ल्याकडच्या माझ्या मामीच्या मोरीमागून आलं, ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीने.

नावं बरीच आहेत. आपल्याकडे अन्नपूर्णा, कुणी आंबेमोहोर पात म्हणतं, कुणी सरळ बासमतीचं पान. श्रीलंकेत रंपे, थायलंडमध्ये बाई तोय, बांगलादेशात पोलाव पाता, मलेशिया-इंडोनेशियात पंदन. नर्सरीत गेलात तर हीच सगळी नावं एकापाठोपाठ घेऊन बघा, त्यातलं एखादं त्या माणसाला माहीत असतंच. शास्त्रीय नाव पँडॅनस अॅमॅरिलिफोलियस, आणि ते दिलं विल्यम रॉक्सबर्गने, हा कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचा प्रमुख होता. त्याच्या बागेत हे रोप अंबोन बेटावरून आलं होतं, आणि वर्णन छापून आलं १८३२ मध्ये, तो गेल्यानंतर. आपल्या केवड्याचं हे सख्खं भावंड, दोघांचं कूळ एकच. पामसारखं दिसतं, कुंडीत शोभेसाठीही लोक ठेवतात, पण हा पाम नाही.

वास कशाचा तेही सांगते, कारण पुढे स्वयंपाकात त्याचा उपयोग होतो. बासमती, आंबेमोहोर, इंद्रायणी या तांदळांना जो वास येतो तो मुख्यतः २-अॅसिटिल-१-पायरोलिन नावाच्या एका द्रव्याचा. १९८२-८३ च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी आधी शिजलेल्या भातात आणि मग या पानात ते ओळखलं. तांदळाच्या मानाने पानात ते कितीतरी पट जास्त असतं. आपल्या पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातही या रोपावर बरंच काम झालंय. आणि गंमत बघा, कोकणात रात्री माळ्यावर उदमांजर आलं की भात शिजल्यासारखा वास येतो असं जुनी माणसं सांगतात, मलेशियात त्याच प्राण्याला मुसांग पंदन म्हणजे पंदन उदमांजर म्हणतात. इतक्या लांबच्या दोन गावांतल्या माणसांची नाकं एकच सांगतायत हे मला फार आवडतं.

या द्रव्याबद्दल दोनच गोष्टी लक्षात ठेवा: ते उडून जाणारं आहे, आणि पान अख्खं असताना फारसं बाहेर येत नाही. पान चुरगळलं, कोमेजलं किंवा गरम झालं की वास सुटतो.

रोप खरं आहे का ते कसं ओळखायचं

नर्सरीत हिरवी लांब पानं असलेलं काहीही पंदन म्हणून हातात देतात. मला एकदा ड्रॅसिना दिला होता, एकदा पांढऱ्या पट्ट्यांचं स्पायडर प्लांट. त्यामुळे तीन गोष्टी तपासा.

एक, वरून बघा. पानं खोडाभोवती तीन रांगांत आणि स्क्रूच्या आट्यांसारखी फिरत वर जातात. हे एकदा डोळ्यात बसलं की लांबूनही रोप ओळखू येतं. दोन, पानाची कड बोटाने हळूच चाचपा. अन्नपूर्णेची कड जवळजवळ गुळगुळीत असते, टोकाजवळ थोडे बारीक काटे लागले तर लागतात. केवड्याला दोन्ही कडांना आणि मागच्या शिरेवरही करकरीत काटे असतात, हात फाटतो. पिवळे-पांढरे पट्टे असलेला एक शोभेचा पँडॅनस पण मिळतो, दिसायला सुंदर आहे पण तो भातात घालायचा नाही. तीन, आणि हीच खरी परीक्षा, खालचं एखादं पान मागून घ्या, चुरगळा आणि दोन मिनिटं थांबा. शक्य असेल तर चहाच्या टपरीवरच्या गरम पाण्यात बुडवा. नव्या तांदळाच्या भाताचा वास आला तर घ्या, नुसता गवताचा हिरवा वास आला तर घेऊ नका.

इथेच एक सावधगिरीची गोष्ट, हसण्यावारी नेऊ नका. पामसारखं दिसणारं सगळं खायचं नसतं. सायकस नावाचं झाड आपल्याकडे बंगल्यांच्या दारात सगळीकडे असतं, सागो पाम म्हणून विकतात, ते विषारी आहे, त्याच्या बिया कुत्र्याने खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. ड्रॅसिनाही मांजरांना बाधतो. म्हणून ओळख पक्की होईपर्यंत पातेल्यात काही टाकू नका.

पिल्लू काढणं आणि मुळं फुटवणं

रोप दीड-दोन वर्षांचं झालं की बुडाशी फुटवे येतात, आम्ही त्यांना पिल्लंच म्हणतो. पिल्लू वीतभर उंच झालं आणि त्याला स्वतःची दोन-चार जाड पांढरी मुळं दिसायला लागली की काढायला तयार. त्याआधी काढलंत तर जगतं पण फार रेंगाळतं.

काढताना आदल्या दिवशी कुंडीला भरपूर पाणी द्या म्हणजे माती सैल होते. बुडाशी बोटांनी माती बाजूला करा, पिल्लू आईला जिथे चिकटलंय तो देठ शोधा आणि धारदार सुरीने एका फटक्यात कापा. ओढू नका, पिळू नका, ओढलं की मुळं आईकडे राहतात आणि हातात नुसतं पिल्लू येतं. सुरी आधी गरम पाण्याने धुवून घ्या, कापलेल्या जागी थोडी हळद लावते मी, माझ्या मामीची सवय म्हणून, बहुतेक बागकाम करणारे लावतातच.

आता पिल्लाची पानं अर्धी छाटून टाका. हे करताना जीवावर येतं, इतकी सुंदर पानं, पण मुळं कमी असताना एवढ्या पानांना पाणी पुरवणं त्याला जमत नाही आणि ती सगळीच सुकतात. मधला कोवळा कोंब मात्र सोडा, तो कापला तर वाढच थांबते.

मुळं कमी असतील तर थेट मातीत न लावता काचेच्या ग्लासात ठेवा, फक्त बूड बुडेल इतकं पाणी, दोन दिवसांनी बदलायचं. उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत नवी मुळं येतात. पाण्याला वास मारायला लागला म्हणजे बूड कुजतंय, कुजलेला भाग कापून परत ताज्या पाण्यात ठेवा.

फुटवे नसलेलं पण उंच, लुकडं झालेलं रोप असेल तर त्याचा वरचा शेंडा खोडाच्या वीतभर तुकड्यासकट कापून लावता येतो. खोडाला खालून जी हवेतली मुळं लोंबत असतात त्यांच्या जरा खाली कापलं तर शेंडा लगेच धरतो. आणि उरलेला बुंधा फेकू नका, त्याला बाजूने नवीन कोंब येतात. माझ्या एका बुंध्याने चार दिले.

वेळ: जून-जुलै सगळ्यात उत्तम, पाऊस लागला की लावा. पाणी देण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येही चालतं. डिसेंबर-जानेवारीत हात लावू नका.

कुंडी आणि माती

सुरुवातीला आठ इंची कुंडी पुरे, वर्षभराने बारा इंची. एकदम मोठ्या कुंडीत छोटं पिल्लू लावलं की सगळी माती ओली राहते आणि मुळं गुदमरतात. मातीची कुंडी मला आवडते पण उन्हाळ्यात फार पटकन सुकते, म्हणून बाल्कनीवाल्यांनी प्लास्टिकची घेतली तरी काही बिघडत नाही, फक्त खाली भोकं नीट मोकळी पाहिजेत.

माती अशी करते: दोन भाग बागेची माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि दोन मुठी जाड वाळू. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुवून घ्या, त्यातला खारटपणा निघून जाऊ दे. कोकणात जांभ्याची माती असेल तर त्यात शेणखत थोडं वाढवा, वाळूची गरज नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत मात्र वाळू आणि कोकोपीट दोन्ही वाढवायलाच हवं, ती माती पाणी धरून बसते आणि सुकली की भेगाळते.

जमिनीत लावत असाल तर जागा निवडताना मामीचं डोकं वापरा. मोरीचं पाणी जिथे जातं त्या बाजूला, पण साबणाच्या धारेत नाही, माडाच्या किंवा फणसाच्या सावलीत. कोकणात पुष्कळ घरांत हे रोप असंच मागच्या दारी वाढताना दिसतं, कुणी मुद्दाम लक्ष देत नाही आणि तरी कमरेएवढं माजतं. दोन रोपांत दोन-अडीच फूट अंतर ठेवा, नंतर पिल्लं काढायला हात घालता आला पाहिजे.

ऊन, पाणी, आणि तुमचं गाव

याला सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि बाकी दिवस उजेडाची सावली असं लागतं. कडक उन्हात पानं पिवळसर आणि राठ होतात, अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात लांब, पातळ आणि लोळणारी. गर्द हिरवं, थोडं चकचकीत पान दिसलं की जागा बरोबर आहे समजायचं.

पाणी भरपूर आवडतं. उन्हाळ्यात रोज, पावसाळ्यात उघड्यावर असेल तर अजिबात नाही, थंडीत बोट खुपसून बघायचं आणि वरचा इंचभर थर सुकला असेल तरच. इतर झाडांच्या मानाने ओल सहन करतं पण थंडी आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की बूड कुजतं, माझं पहिलं रोप एका जानेवारीत असंच गेलं. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं पाणी जरूर घाला. बोअरचं किंवा टँकरचं क्षाराचं पाणी असेल तर पानांची टोकं तपकिरी होतात, अशा वेळी महिन्यातून एकदा कुंडीत खालून पाणी वाहून जाईपर्यंत साधं पाणी सोडा, आणि पावसाळ्यात बादली बाहेर लावून साठवता आलं तर सोन्याहून पिवळं.

आता गावागावाचं. कोकण, गोवा, मुंबई, ठाणे इथे काही करावं लागत नाही. पुण्यात थंडीत पारा आठ-दहाला येतो तेव्हा कुंडी भिंतीला लागून आत घ्या, वाढ थांबते पण रोप मरत नाही. नाशिक-निफाडकडे त्याहून खाली जातो तिथे रात्री घरातच ठेवा. नागपूर, अकोला, चंद्रपूरवाल्यांचा प्रश्न उलटा, मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे ऊन, तिथे हिरवी शेडनेट पाहिजेच आणि कुंडी कूलरच्या आडोशाला जिथे दमट गारवा मिळतो तिथे ठेवली तर रोप उन्हाळा काढतं. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, मुळं तापली नाहीत की निम्मं काम झालं.

लंडन-न्यू जर्सीकडच्या आपल्या लोकांनी हे घरातलं झाड म्हणूनच वाढवायचं, खिडकीत, हीटरच्या झोतापासून लांब, खाली खडे आणि पाणी घातलेली ताटली ठेवून म्हणजे हवा थोडी दमट राहते. नाहीतर थाई-व्हिएतनामी दुकानात फ्रोझन पानं मिळतात, ती चालतात, ताज्यापेक्षा थोडी कमी पण बाटलीतल्या हिरव्या इसेन्सपेक्षा कितीतरी बरी.

खत आणि कीड

आपल्याला पानं हवीत, त्यामुळे नत्राचं खत. महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत, आणि पावसाळा सोडून दर वीस दिवसांनी शेंगदाणा पेंड किंवा सरसोंची पेंड भिजवून, तीन-चार दिवस आंबवून, दहापट पाण्यात पातळ करून. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. थंडीत खत बंद.

कीड फार लागत नाही. पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, मुंग्या फिरायला लागल्या की आधी तिथे बघायचं. ओल्या कापसाने पुसून काढा आणि एक लिटर पाण्यात पाच मिली नीमतेल, साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत. कोरड्या उन्हाळ्यात पानाच्या मागे बारीक जाळी आणि ठिपके दिसले तर लाल कोळी, त्याला नुसतं पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतलं तरी कमी होतो. दुकानात मिळणारी रासायनिक औषधं यावर मारू नका, हे पान आपण भातात घालतो. नीमतेल मारल्यावरही आठवडाभर पान तोडायचं नाही आणि तोडलं की चोळून धुवायचं.

पान कधी आणि कसं काढायचं

लावल्यापासून चार-सहा महिने थांबा. रोपाला दहा-बारा चांगली पानं आली की सगळ्यात खालचं, सगळ्यात जुनं पान घ्यायचं, खोडाजवळ कात्रीने कापायचं. कोवळ्या पानापेक्षा पूर्ण वाढलेल्या पानात वास जास्त असतो असा माझा अनुभव. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं घेऊ नका, आणि मधल्या शेंड्याला कधीच हात लावायचा नाही. चार माणसांच्या घराला आठवड्यातून दोनदा वापरायचं तर तीन रोपं पाहिजेत, एका रोपावर भागत नाही, पानं ओरबाडली जातात.

तोडल्या तोडल्या वापरण्यापेक्षा पान तासभर ओट्यावर ठेवा, जरा मऊ पडलं की वास खुलतो. मग धुवायचं, पुसायचं, सुरीच्या पाठीने दोन-तीनदा रगडायचं किंवा शिरेला समांतर उभं फाडायचं, आणि गाठ मारायची. गाठ यासाठी की नंतर एका झटक्यात बाहेर काढता येते. पान खायचं नसतं, दोऱ्यासारखं चिवट असतं, आपल्याला फक्त त्याचा वास हवाय.

भात

दोन वाट्या तांदळाला हातभर लांबीचं एक पान. कुकरच्या भांड्यात तांदूळ, पाणी, मीठ आणि वर गाठ. एवढंच. शिट्टी झाल्यावर झाकण उघडलं की घरभर वास येतो, आणि रेशनचा किंवा साधा कोलम तांदूळ असला तरी जेवणाऱ्याला विचारावंसं वाटतं की आज तांदूळ कोणता आणला.

पण तुम्ही भात वेळत असाल, म्हणजे जास्त पाण्यात शिजवून पेज काढत असाल, तर सुरुवातीला पान घालू नका. सगळा वास पेजेत जातो. पेज काढून झाल्यावर भात परत मंद आचेवर वाफेला ठेवता ना, तेव्हा गाठ भातात खुपसायची आणि झाकण घट्ट. उलट आजारी माणसासाठी पेजच करायची असेल तर सुरुवातीपासून घाला, तोंडाला चव नसलेल्या माणसालाही ती पेज जाते, माझ्या सासऱ्यांचं तापातलं हेच जेवण होतं.

इंद्रायणीत आणि खऱ्या आंबेमोहोरात मी घालत नाही. इंद्रायणी ही आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ या भाताच्या दोन जातींच्या संकरातून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालेली, तिचा स्वतःचा वास आहे, त्यावर आणखी वास चढवणं मला पटत नाही. उकड्या तांदळाच्या भातातही नाही, त्याचा गंध वेगळा आणि माशाच्या आमटीबरोबर तोच हवा. बिर्याणीत घालणार असाल तर केवडा पाणी घालू नका, दोन्ही एका कुळातले असले तरी वास एकमेकांशी भांडतात.

मोदकाची उकड, शिरवाळे आणि बाकीचं

मोदकाची पिठी आंबेमोहोराची असावी असा आपल्याकडे आग्रह असतो, आता दुकानातली पिठी कुठल्या तांदळाची आहे हे कोण सांगणार. मी उकडीचं पाणी उकळायला ठेवते तेव्हा त्यात गाठ मारलेलं एक पान, मीठ, तूप घालते, पाच मिनिटं झाकून मंद उकळते, पान काढते आणि मग पिठी. सारण नेहमीचंच. गणपतीत केलेले हे मोदक घरात कुणाला वेगळे म्हणून ओळखू आले नाहीत, फक्त सगळे जास्त खाल्ले गेले.

मालवणी शिरवाळ्यांना, म्हणजे तांदळाच्या शेवयांना, तर हे पान जणू त्यांच्यासाठीच आहे. नारळाचा दाट रस, गूळ, वेलची, त्यात पान. नारळाचा रस उकळू द्यायचा नाही, फुटतो, त्यामुळे वाटीभर पातळ रस वेगळा घेऊन त्यात पान गरम करा, दहा मिनिटं झाकून ठेवा, पान पिळून काढा आणि मग तो दाट रसात मिसळा. मलेशिया-इंडोनेशियातल्या चेंडोलमध्ये हिरव्या शेवयांसारखे तुकडे, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ असतो, शिरवाळे खाल्लेल्या माणसाला ते परकं वाटणार नाही. तसंच इंडोनेशियात क्लेपोन म्हणून हिरवे गोळे करतात, आत गूळ, बाहेर किसलेलं खोबरं, मोदकासारखेच फक्त खोबरं बाहेर आलेलं. ते करून बघायचे तर चिकट तांदळाचं पीठ आणावं लागतं, आपल्या मोदकाच्या पिठीने गोळा फुटतो, मी दोनदा करून पाहिलंय.

श्रीलंकेत रंपेचे दोन-तीन इंची तुकडे कढीपत्त्याबरोबर फोडणीत घालतात, डाळीत आणि नारळाच्या रश्शात. मी मुगाच्या वरणात तसं करते आणि मला ते फार आवडतं. थायलंडमध्ये कोंबडीचे तुकडे मुरवून या पानात बांधून तळतात, पनीरचंही तसं होतं, पानं मात्र रुंद हवीत. कोकमाच्या कढीत, चिंचेच्या सारात, लिंबू सरबतात हे घालू नका. आंबटाने रंग शेवाळ्यासारखा मळकट होतो आणि वासही दबतो.

हिरवा अर्क

केक, खीर, शेवया, नारळाच्या वड्या यांना रंग आणि वास दोन्ही हवे असतील तर अर्क काढायचा. दहा-बारा पानं, बुडाचा पांढरा भाग कापून टाका, कात्रीने अगदी बारीक आडवे तुकडे करा. लांब तुकडे टाकलेत तर धागे मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात आणि मोटर तापते. अर्धा ते पाऊण वाटी पाणी घालून बारीक वाटा, पातळ सुती कापडातून घट्ट पिळा. हा रस बरणीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवा. सकाळी खाली गडद हिरवा गाळ आणि वर फिकट पाणी दिसेल, वरचं पाणी हळूच ओतून टाका. खाली जे राहतं तोच खरा अर्क, किंचित कडसर असतो, एका केकला दोन चमचे खूप झाले. नारळाच्या वड्यांत तो शेवटी, गॅस बंद करायच्या आधी घालायचा, जास्त वेळ आटवला की रंग जातो आणि वासही. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतो, जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

पानं साठवायची तर ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये आठवडाभर, किंवा गाठी मारून डब्यात घालून फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने, वापरताना वितळवायची गरज नाही, तशीच पातेल्यात टाका. उन्हात वाळवू नका. वास उडून जातो आणि हातात नुसतं गवत उरतं, वाळलेल्या पानांची पावडर विकतात तीही मला म्हणूनच आवडली नाही.

झुरळं पळतात म्हणून सिंगापूर-मलेशियात टॅक्सीत याची जुडी ठेवतात. मी कपाटात ठेवून बघितली, झुरळं काही गेली नाहीत पण कपाटाला वास छान आला.

केवड्याबद्दल थोडं, कारण लोक नेहमी विचारतात

केवड्याच्या पानाला हा भाताचा वास नसतो, त्याचा सुगंध नर फुलाच्या कणसाला असतो, आणि तो पूर्ण वेगळा. अत्तर आणि केवडा पाण्यासाठी ओडिशातला गंजाम जिल्हा प्रसिद्ध आहे. आपल्याकडे खाडीकाठी, समुद्राजवळच्या वाळूत केवड्याची बनं असतात, गणपतीत कणीस बाजारात येतं. पण तो बाल्कनीत लावू नका, मोठा पसरतो आणि काटे फार वाईट, लहान मुलं असतील तर अजिबातच नको. जागा असेल तर कुंपणाला लावा.

पिल्लू कुणाला पाठवायचं असेल तर

मला दर पावसाळ्यात आठ-दहा पिल्लं काढावीच लागतात, नाहीतर कुंडी फुटते, आणि ती सगळी कुणाकुणाकडे जातात. पद्धत अशी: आदल्या रात्री पिल्लू काढा, पानं अर्धी छाटा, मुळांवरची माती झटकून टाका कारण मातीने वजन वाढतं आणि प्रवासात ती हलून मुळं तुटतात. मुळांभोवती ओलं कोकोपीट किंवा ओला सुती कपडा, पिळून घेतलेला, पाणी ठिबकणारा नको. त्यावर प्लास्टिक पिशवी आणि मानेजवळ सैल रबर. पानं उघडीच ठेवून वर्तमानपत्रात गुंडाळायची, आणि खोक्याला दोन्ही बाजूंनी चार-चार भोकं. असं बांधलेलं पिल्लू पाच-सहा दिवस आरामात टिकतं. पोचल्यावर लगेच उन्हात ठेवू नका म्हणून चिठ्ठीत लिहा, दहा दिवस सावली, माती ओलसर, आणि बाहेरची एक-दोन पानं पिवळी पडली तर घाबरू नका, मधला कोंब हिरवा आहे ना तेवढं बघा.